मलेनियासमोर ढाल निरुपयोगी ठरते का?

प्रश्न

‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममध्ये मी हॅलिगट्री या महावृक्षाच्या तळाशी, एल्फेल येथे, मलेनिया या बॉसपाशी (बलाढ्य शत्रूपाशी) अडकलो आहे. मोठी ढाल पुढे धरायची आणि तिच्याआडून भाल्याने टोचत राहायचे, याच पद्धतीने मी मॉर्गॉटपर्यंतचे सर्व बॉस हरवले. येथे मात्र तिचा वार ढालीवर पूर्ण अडला, मला किंचितही इजा झाली नाही, तरी तिचा हेल्थ बार (जीवनशक्तीची पट्टी) पुन्हा भरू लागतो. मिमिक टिअरला, म्हणजे माझीच प्रतिकृती असलेल्या मदतनीसाला, सोबत घेतल्यास तो आणखी वेगाने भरतो. माझी पद्धतच येथे चुकीची आहे, की शस्त्र बदलल्याने काम होईल? दुसऱ्या टप्प्यापर्यंत मी पोहोचतो, पण तेथे तग धरता येत नाही.

प्रतिसाद १

तुम्ही पाहिले ते योग्यच आहे. तिचा वार कशालाही लागला, मग ते तुमचे शरीर असो, ढाल असो किंवा मदतीला बोलावलेला आत्मा म्हणजेच स्पिरिट अ‍ॅश असो, तिची जीवनशक्ती वाढते. मिमिक टिअर वार चुकवण्यापेक्षा झेलतोच अधिक, त्यामुळे त्याच्या प्रत्येक चुकीची किंमत तुमच्या मेहनतीतून वसूल होते. तरीही ढाल पूर्ण निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण ब्लीड (रक्तस्राव) आणि फ्रॉस्टबाइट (हिमदंश) या दोन्हींचा मलेनियावर चांगला परिणाम होतो आणि भाल्यावर ब्लीड चढवून तुम्ही तिच्या भरून येण्यापेक्षा अधिक वेगाने नुकसान करू शकलात, तर ढालीआडूनही ती हरते. शिवाय तिचा तोल इतर मोठ्या बॉसच्या मानाने लवकर जातो. जड शस्त्राने उडी मारून केलेला वार तिचा हल्ला पुष्कळदा मध्येच तोडतो. हिशेब ‘मला किती लागले’ याचा नसून ‘तिला किती परत मिळाले’ याचा ठेवावा.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे, पण खरी परीक्षा वॉटरफाउल डान्स या तिच्या सलग वारांच्या चालीची आहे. पहिल्या टप्प्यात तिची जीवनशक्ती साधारण पाऊण उरली की ही चाल सुरू होते. ती हवेत उंच उठून क्षणभर थांबते आणि मग वारांचे झोत एकामागून एक सोडते. हे सर्व वार ढालीवर घेतले तर तुमचा दम (स्टॅमिना) संपतो, आणि तोवर तिचा बारही बराच भरलेला असतो. म्हणून ती उठताना दिसताच ढाल खाली करून, पाठ फिरवून सरळ पळावे. पुरेसे अंतर असेल तर पहिला झोत पोहोचत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या झोताच्या वेळी मात्र मागे न सरता तिच्याच दिशेने रोल करावा (लोळण घ्यावी), म्हणजे ती तुमच्यावरून पुढे निघून जाते. अगदी जवळ सापडलात तर ती हवेत असतानाच फ्रीझिंग पॉट (गोठवणारे मडके) फेकावा. चाल तेथेच तुटते. त्यामुळे तिच्यापाशी चिकटून टोचण्याऐवजी दोन-तीन वार करून बाहेर पडण्याची सवय लावून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद ३

डावपेच वर आलेच आहेत, पण ढालीवर अडलेल्या वारानेही तिला बळ मिळावे हा नियम मला अन्यायकारक वाटतो. नीट बचाव केल्याचे फळ खेळाडूला मिळायला हवे, आणि हा खेळ इतरत्र ते देतो. २०२२ साली डोक्यावर मडके घालून, अंगावर चिलखत नसताना, केवळ दोन कटाना (जपानी तलवारी) घेऊन इतरांच्या मदतीला जाणारा एक खेळाडू जगभर गाजला, तो याच लढतीमुळे. त्याच्याकडे ढाल नव्हती, हे मला फार बोलके वाटते: ही लढत एकाच प्रकारच्या कौशल्याला झुकते माप देते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या टप्प्याच्या आरंभी ती वरून झेपावते आणि मोठे फूल उमलते, तेव्हा काय करावे?

प्रतिसाद २

ती वर जाताच दूर पळायला सुरुवात करावी आणि झेप येताना बाजूला रोल करावा. फूल उमलून झाल्यावर ती काही काळ स्थिर असते. त्या वेळी लांबून, बाण किंवा मंत्राने, वार करता येतो. जवळ गेल्यास स्कार्लेट रॉट (जीवनशक्ती झिजवणारी बाधा) चढतो, म्हणून त्यावरचा उतारा, प्रिझर्व्हिंग बोलस, हाताशी ठेवा. या टप्प्यात तिची जीवनशक्ती पूर्ण नसून सुमारे ८० टक्क्यांपासून सुरू होते, तेव्हा ब्लीडचा भाला असेल तर ही बाजू तुमच्या आवाक्यातली आहे.