चित्र कोरतात की राखतात?

पुढच्या महिन्यात नाशकात माझ्या वुडकटांचं, म्हणजे लाकडी फळीवरून कागदावर उमटवलेल्या चित्रांचं, छोटं प्रदर्शन आहे. चित्रांखालच्या चिठ्ठ्यांवर मराठी शब्द हवेत. ‘काष्ठमुद्राचित्र’ लिहून पाहिलं आणि शेजारच्या सुतारकाकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचून विचारलं, “म्हणजे लाकडावर केलंय ना?” लाकडावर नाही, लाकडाने केलंय. हा फरक शब्दातच कळावा असं मला वाटतं.

नाम बहुतेक सापडलंय: ठसा. अडचण एवढीच की मराठीत दाबायची वस्तूही ठसा आणि उमटलेली खूणही ठसा. रामकुंडावर कपाळी गंध लावणाऱ्याच्या हातातला पितळी तुकडा ठसा, आणि बोटांचे कागदावर उठतात तेही ठसे. माझ्या कामात मात्र दोन्ही वेगळे ओळखू यायला हवेत. म्हणून लाकडाला ‘फळी’ आणि कागदावर येतो तो ‘ठसा’ म्हणावं असं ठरवते आहे. ‘छाप’ नको. ‘छाप पडली’ म्हणताना तो शब्द चांगला असतो, पण ‘छापील’ म्हटलं की यंत्रातून निघालेलं, सगळीकडे सारखं असं वाटतं. ‘ठसठशीत’ या शब्दात जो भरीव काळेपणा आहे तो मला हवा आहे.

खरी अडचण क्रियापदाची आहे. सगळे म्हणतात, ‘ताईंनी चित्र कोरलं.’ इतकी वर्षं मीही तेच म्हणत आले, पण ते बरोबर नाही. फळीवर शाईचा रूळ फिरवला की शाई वरच्या सपाटीवर बसते, कोरलेल्या खोलात उतरत नाही. त्यामुळे मी जे कोरते ते कागदावर पांढरं राहतं. चित्र असतं ते न कोरलेल्या जागेत.

सध्या एका म्हातारीचा चेहरा करते आहे. फळी जुन्या नाशकातल्या पाडलेल्या वाड्याच्या दाराची, सागाची, खिळ्यांच्या भोकांसकट. भुवईची एक बारीक रेघ हवी, तर तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड गोल पटाशीने काढायचं. शिरेच्या दिशेने पटाशी लोण्यासारखी जाते. शिरेला आडवी गेली की ढलपी उडते आणि सोबत भुवईही. परवा तसंच झालं. सुतारकाका दारातून पाहत होते. म्हणाले, “घाई करू नका ताई. रेघ राखून तासा.”

राखून! मला हवं ते क्रियापद हेच. आपण चित्र कोरत नाही, राखतो. पिकाची राखण करावी तसं. जाणकारांना हे पटतं का?

प्रतिसाद

ताई, मी नाशिकरोडला वाढलो. आमच्याकडे ‘प्रेस’ म्हटलं की नोटांचाच, 1928 सालापासूनचा. नोटेवरून बोट फिरवा, चित्राची शाई उठलेली लागते. तिथे शाई प्लेटवरच्या खाचेत भरतात, वरची पुसून घेतात आणि कागद जोराने दाबतात, म्हणून खाचच छापली जाते. ते चित्र खरोखर कोरलेलं. तुमचं त्याच्या बरोबर उलट. तेव्हा दोन क्रियापदं असणंच योग्य.

प्रतिसाद

मी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात आयुष्य घालवलं. आमच्यात वर आलेल्या भागाला ‘उठाव’ म्हणत. मोठ्या पोस्टरांचे खिळे लाकडीच असायचे. दगडावरून छापलेल्या जुन्या पोथ्यांना लोक ‘शिळाछाप’ म्हणत, तेव्हा ‘छाप’ला इतकं हलकं लेखू नका. आणि एक शब्द विसरलात: ‘प्रत’. तुमच्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 3/12, म्हणजे बारातला तिसरा, असं लिहिलेलं मी पाहिलंय. त्याला काय म्हणणार? नक्कल?

प्रतिसाद

नक्कल नक्कीच नाही, काका. नकलेला मूळ वेगळं असावं लागतं. इथे 12 च्या 12 मूळच. फळी हे मूळ चित्र नव्हे, तिच्यावर तर सगळं उलटं असतं. ‘प्रत’ मला मनापासून आवडला, कारण ‘वरच्या प्रतीचा तांदूळ’ही आपण म्हणतो. संख्या आणि गुण दोन्ही एकाच शब्दात. कागद फळीवर पालथा घालून लाकडी डावाच्या पाठीने घासते, तेव्हा हाताचा जोर दर वेळी थोडा बदलतो आणि प्रत्येक प्रतीची प्रत वेगळी येते. ‘शिळाछाप’विषयी तुमचं बरोबर, तो शब्द मानाचाच आहे.

प्रतिसाद

नाण्यांच्या बाजूने एक भर घालतो. 1906 साली आपल्याच जिल्ह्यात जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला आहे. अनेकांवर नव्या चिन्हांखाली नहपानाचा चेहरा अजून दिसतो. यासाठी ‘ठशावर ठसा’ इतकं साधं म्हटलं तरी पुरतं. तुमच्या कामात असं काही असतं का?

प्रतिसाद

असतं, आणि त्याच्यासाठीच शब्द शोधत होते! म्हातारीच्या चित्रात तीन रंग आहेत आणि फळी एकच. आधी फिका रंग सगळ्या 12 कागदांवर काढून घेतला. मग तीच फळी आणखी तासली, जिथे फिका राहायला हवा तिथलं लाकूड काढून टाकलं आणि उरलेल्यावर गडद रंग चढवला. असं तीनदा. पहिल्या ठशाची फळी आता जगात कुठेच नाही, त्यामुळे तेरावी प्रत निघणार नाही. नहपानासारखा फिका रंग गालावर खालून दिसतो. ‘ठशावर ठसा’ घेतला, आभार.

चिठ्ठी अशी लिहिली आहे:

‘म्हातारी. ठसाचित्र, ठशावर ठसा, तीन रंग. वाड्याच्या दाराची एकच सागवानी फळी. रेघा राखून तासलेली, हाताने घासून काढलेली. प्रत 3/12.’

सुतारकाकांनी या वेळी एकदाच वाचलं. मग विचारलं, “उजवी भुवई कुठे गेली?” ती राखता आली नाही, तिथे कागद कोराच आहे.