घर झोपलं तरी मीटर जागाच : तुमचे अनुभव लिहा

ठाणेकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात बिल आलं आणि मुलाने विचारलं, "बाबा, आपण चार दिवस गावाला होतो, मग तेवढं तरी कमी यायला नको होतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून एक प्रयोग केला. तुम्हीही करा, खर्च शून्य.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो. आमच्याकडे ३२०० आहे, तुमच्याकडे १६०० किंवा ६४००ही असेल. म्हणजे तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. रात्री अकरा वाजता दिवे, पंखे, सगळं बंद केलं. फ्रिज मध्येच सुरू होऊन हिशेब बिघडवतो, म्हणून तासाभरासाठी त्याचाही प्लग काढला. मग खाली मीटरखोलीत घड्याळ लावून उभा राहिलो. दर १५ सेकंदांनी एक लुकलुक. तासाला २४०. भागिले ३२००, म्हणजे तासाला ०.०७५ युनिट. एक युनिट म्हणजे हजार वॉट तासभर, म्हणून हे झाले ७५ वॉट. घरात एकही वस्तू "चालू" नसताना! चोवीस तास असंच चाललं तर महिन्याला ५४ युनिटं.

आमचा वापर १४०च्या आसपास. महावितरणच्या टप्प्यांत १०० युनिटांनंतर दर जवळजवळ दुपटीवर जातो. म्हणजे ही ५४ युनिटं बहुतेक महागाच्या टप्प्यातली.

वॅटमीटर आणून एकेक वस्तू तपासली. दोन सेट-टॉप बॉक्स मिळून २१ वॉट, राउटर ९, होम थिएटर ८, एसीचा स्टॅबिलायझर ७ (एसी फक्त एप्रिल-मे लागतो, स्टॅबिलायझर मात्र बारमाही ड्युटीवर), मायक्रोवेव्हचं घड्याळ ३. बेरीज ४८. हे सगळे प्लग काढले, तरी दिवा दर ४२ सेकंदांनी लुकलुकतोच आहे. म्हणजे २७ वॉट अजून कुठेतरी जातायत आणि ते कुठे, हे मला सापडत नाहीये.

तुमच्या घरात काय सापडलं? काय बंद केलं, काय बंद करून पस्तावलात, घरच्यांशी काय तह झाले, सगळं लिहा. आणि माझे २७ वॉट कुणाला दिसले तर कळवा.

दुसरा चहा, डोंबिवली

सेट-टॉप बॉक्सबद्दल अगदी अगदी! रिमोटने बंद केला की फक्त दिव्याचा रंग बदलतो, आतलं यंत्र जागंच असतं. आमचा जुना बॉक्स तर बंद असतानाही इतका कोमट असायचा की मांजर त्यावरच झोपायची.

मी उत्साहात रोज रात्री बटण बंद करायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी सासरे रिमोट हातात घेऊन उभे. सहाची भजनं लागतात आणि बॉक्स सुरू व्हायला तीन मिनिटं घेतो. तोवर पहिला अभंग संपतो. वर सासूबाईंनी रात्रीची मालिका रेकॉर्डिंगला लावलेली, तीही गेली. घरात दोन दिवस अबोला.

आता तह असा आहे: बेडरूममधला बॉक्स कायम बंद, पाहुणे आले तरच चालू. हॉलमधला सासऱ्यांच्या ताब्यात. पहाटे दूध घ्यायला उठतात तेव्हा तेच बटण लावतात. स्वतःच्या हातात कारभार आल्यापासून ते माझ्यापेक्षा कडक झालेत. परवा मी बाथरूममध्ये असताना बाहेरून दिवा बंद केला.

शंकेखोर

धागा चांगला आहे, पण एक पथ्य पाळूया. चिल्लर मोजताना नोटा विसरायच्या नाहीत.

आमच्या घरी मोबाइलचा चार्जर बोर्डाला राहिला की प्रवचन होतं. फोन न लावलेला चांगला चार्जर वॉटचा एखाद-दुसरा दशांश खातो. फोनची पूर्ण बॅटरी भरायला साधारण ०.०२ युनिट लागतं. रोज भरलात तरी वर्षाला सात-आठ युनिटं. आणि प्रवचन देणारे आमचे तीर्थरूप सकाळी गीझर लावून पेपर वाचत बसतात. १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.६६ युनिट लागतं. म्हणजे त्यांच्या एका आंघोळीत माझा फोन महिनाभर चार्ज होतो. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. उत्तर आलं, "मग तू थंड पाण्याने कर."

मायक्रोवेव्हचं मात्र खरं आहे. ज्या घरात तो दिवसातून एकदा कपभर दूध तापवण्यापुरता लागतो, तिथे वर्षभरात स्वयंपाकापेक्षा घड्याळच जास्त वीज खातं. ३ वॉट म्हणजे वर्षाला २६ युनिटं. दोन मिनिटांचं रोजचं दूध वर्षाला १५च्या आसपास.

आजीची नात

आमच्या देवघरात विजेचा नंदादीप होता. लाल काचेचा झिरोचा बल्ब, दिवसरात्र चालू. झिरो म्हणजे शून्य असं घरात सगळ्यांना वाटायचं, मलाही. इंजिनिअरिंगला गेल्यावर एकदा मोजला तर १५ वॉट! म्हणजे महिन्याला जवळजवळ ११ युनिटं आणि तो माझ्या जन्माआधीपासून तेवतोय. शिवाय शेजारी अखंड "ॐ" म्हणणारा प्लॅस्टिकचा डबा.

नंदादीप विझवायचा विषय काढायचीही सोय नव्हती. म्हणून बल्ब बदलला. अर्ध्या वॉटचा एलईडी आणला. आजीने बघितला आणि म्हणाली, "हा दवाखान्यासारखा दिसतो." पांढरा होता. पिवळा आणला. तरी तिचं समाधान होईना. शेवटी कळलं की पावसाळ्यात ती काडेपेटी आणि वातींची डबी त्या बल्बला टेकवून ठेवायची, सादळू नये म्हणून. नव्या दिव्याला ऊबच नाही. आता काडेपेटी फ्रिजच्या मागच्या बाजूला असते, आणि पूजेच्या वेळी रोज कुणीतरी ती शोधत फिरतं.

ॐचा डबा ती स्वतःच रात्री बंद करते. म्हणते, देवालाही झोप हवी.

वऱ्हाडी ठेचा, नागपूर

आमच्याकडचं वेगळंच. मे महिन्यात पारा ४५ वर असतो, तिथं दोन-चार वॉटाच्या गप्पा कोण करते? पण मूर्खपणा आमच्याही घरी झाला, सांगतो.

मोठ्या भावानं एसी घेतला. डेझर्ट कूलर जुनाच होता. भावाचं गणित असं की एक थंड अधिक एक थंड म्हणजे डबल थंड. दार-खिडक्या लावून दोन्ही सोबत चालू! कूलर हवेत पाणी सोडतो, एसी तेच पाणी काढत बसतो. एसीच्या पाईपखाली लावलेली बादली दोन तासात भरली की भाऊ खूश, "पाहा, किती काम करून राहिला." पूर्ण उन्हाळा असाच काढला. ते बिल अजूनही कपाटात ठेवलं आहे, लग्नपत्रिकेसारखं.

आता नियम केला. मेमध्ये हवा कोरडी असते, तेव्हा कूलर अन् खिडकी उघडी. खिडकी बंद केली तर कूलर म्हणजे नुसता दमटपणा. पावसाळा लागल्यावर हवा चिकट झाली की मग एसी, तोही २४ वर. १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबलवाले नवे एसी सुरू होतानाच २४ वर सुरू होतात, तसा ऊर्जा दक्षता ब्युरोचा नियम आहे. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, हाही त्यांचाच हिशेब. भाऊ मात्र अजूनही रिमोट हाती आला की १८ करतो. त्याला वाटते १८ केलं की खोली लवकर थंड होते. होत नाही. फक्त एसी बंद उशिरा पडतो.

निशीकासाईची मावशी, तोक्यो

२०११च्या उन्हाळ्याची गोष्ट. मार्चमध्ये भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा झालं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात मोठ्या ग्राहकांना विजेची मागणी १५ टक्के कमी करणं सक्तीचं होतं, घरांना आवाहन होतं. "सेत्सुदेन" म्हणजे वीजबचत, हा शब्द तेव्हा जिथे तिथे चिकटवलेला दिसायचा. पश्चिम जपानात वीज होती, पण तिकडे विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आणि इकडे ५०, त्यामुळे हवी तेवढी वळवता येईना. स्टेशनातले सरकते जिने थांबलेले, दुकानांत अर्धेच दिवे. ऑफिसात एसी २८ वर.

घरात आम्ही काय केलं? इथल्या कमोडची बसायची जागा विजेने गरम होते. ती बंद केली. (तोक्योच्या ऑगस्टमध्ये ती चालू का होती, हा प्रश्न आधी कुणालाच पडला नव्हता.) भाताचा कुकर भात झाल्यावर तासन् तास तो गरम ठेवत बसतो, ते बंद केलं आणि उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवायला लागले. सकाळी फोडणीचा भात. शेजारच्या जपानी आजींना एकदा दिला. नंतर त्या दर आठवड्याला मोहरी मागायला यायच्या.

वायरमन काका, सांगली

तीस वर्षं या धंद्यात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

ज्या घरांत भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टर बसवला, तिथं आधी तो बघा. लाईट आता फारशी जात नाही, पण इन्व्हर्टर कोपऱ्यात तसाच चालू. बॅटरी म्हातारी झाली की ती कधी भरतच नाही, चार्जर आपला करंट ढकलत बसतो. हात लावून बघायचा. लाईट गेलेली नसताना बॅटरी गरम लागत असेल किंवा पाणी लवकर आटत असेल, तर पैसे तिथं चाललेत. एका गुरुजींच्या घरची बॅटरी लाईट गेल्यावर दहा मिनिटंसुद्धा टिकत न्हवती आणि वर्षभर चार्ज होत होती.

दुसरं, पंख्याचे जुने पेटीवाले रेग्युलेटर. पंखा हळू फिरतो, पण उरलेली वीज त्या पेटीत तापून जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा. पंखाच बदलणार असाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्या. जुना पंखा फुल्लवर ७०-७५ वॉट घेतो, हा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरणारी वस्तू आहे ती, तिथं फरक पडतो.

आता ठाणेकर, तुमचे २७ वॉट. प्लगला नसलेल्या, थेट वायरिंगला जोडलेल्या वस्तू आठवा. बेलचा ट्रान्सफॉर्मर, किचनची चिमणी. मग एक काम करा. घरातली मेन पाडा आणि खाली जाऊन मीटर बघा. मेन पाडल्यावरही दिवा लुकलुकत असेल, तर चोर तुमच्या घरात नाही, मीटर आणि घराच्या मध्ये आहे. आणि हो, वायर हुडकायला स्वतः हात घालू नका.

सत्तरीचा पाव, गोवा

गावातलं घर अकरा महिने बंद असतं. चतुर्थीला सगळे जमतो. फ्रिज मात्र वर्षभर चालू, कारण एका वर्षी बंद करून गेलो आणि परत येऊन उघडला तर आत बुरशीचं जंगल. तेव्हापासून आईचा हुकूम, फ्रिज बंद करायचा नाही. आत काय? पाण्याच्या दोन बाटल्या आणि लोणच्याची बरणी. त्या लोणच्यासाठी रोज एक युनिट.

उपाय शेजारणीने सांगितला. रिकामा करून, पुसून, प्लग काढून दारात लाकडाची चिपटी अडकवायची, म्हणजे दार उघडं राहतं आणि हवा खेळते. तीन वर्षं झाली, बुरशी नाही. लोणचं शेजारणीकडे असतं. दरवर्षी बरणी थोडी हलकी मिळते, पण त्यावर आम्ही बोलत नाही.

जर्मनीत रुळलेला

इथे युरोपात २०१०पासून बंद अवस्थेतल्या उपकरणांना साधारण १ वॉटची मर्यादा आली, २०१३पासून अर्ध्या वॉटची. घड्याळ-बिड्याळ दाखवत असेल तर थोडी सूट. गंमत अशी की इथल्या भिंतीवरच्या सॉकेटला सहसा बटणच नसतं. लोक मुद्दाम बटणवाली पट्टी विकत आणतात. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला आयतं बटण असतं आणि ते आपण सोफ्याच्या मागे गाडून टाकतो.

पस्तावलेली

रात्री राउटर बंद करायला सुरुवात केली. गावी एकट्या राहणाऱ्या आईच्या घरातलाही आठवणीने बंद करायला सांगितला. तिथला कॅमेरा त्याच राउटरवर चालतो, हे आम्ही दोघी विसरलो. रात्री दोनला झोपमोड झाली म्हणून फोनवर बघितलं, तर कॅमेरा बंद. आई फोन उचलेना. शेजाऱ्यांना उठवलं. आई गाढ झोपलेली होती, आणि उठल्यावर तिने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तिचा राउटर आता चालू असतो. ते ९ वॉट मी आनंदाने भरते.

ठाणेकर (धागाकर्ता)

वायरमन काका, साष्टांग नमस्कार.

बेल आणि चिमणी दोन्ही वीज खाताना सापडल्या. मग काल रात्री मेन पाडली. मुलगा वर, मी खाली टॉर्च घेऊन, दोघं फोनवर. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. मेन पाडल्यावरही ५६ सेकंदांनी एक लुकलुक! म्हणजे २० वॉट, आणि तेही घराबाहेर.

आज इलेक्ट्रिशियनला बोलावलं. आमच्या मजल्यावरची जिन्यातली ट्यूब आमच्या मीटरवर जोडलेली निघाली. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा म्हटलं तर वर्षाला ८८ युनिटं. या घरात आम्हाला अकरा वर्षं झाली. आणि पहिली काही वर्षं तिथे जुनी चोकवाली ट्यूब होती, ती तर याच्या दुपटीहून जास्त खात असणार.

शंकेखोर

मग? सोसायटीकडून वसुली?

ठाणेकर (धागाकर्ता)

सेक्रेटरींकडे गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरीच म्हटलं, तुमच्या मजल्याची ट्यूब इतकी वर्षं सोसायटीच्या बिलात दिसत कशी नाही." पुढच्या मीटिंगला विषय ठेवलाय. तोवर कनेक्शन काढून टाकलं. आज जिन्यात अंधार आहे आणि समोरचे काका माझ्याच चपलांना अडखळले.

दुसरा चहा, डोंबिवली

हे वाचून आमचे सासरे आत्ताच टॉर्च घेऊन खाली गेलेत.