'डॉक्टर हू'चे हरवलेले भाग: कुठल्यांची आशा धरावी, आणि तोवर ते बघायचे कसे?

निळीपेटी

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेतल्या पहिल्या दोन डॉक्टरांचा, हार्टनेल आणि ट्राउटन यांचा, काळ क्रमाने बघायला घेतलाय. पहिल्याच सीझनमध्ये 'मार्को पोलो'पाशी गाडी अडली. सातपैकी एकही भाग नाही. त्याच्या आधीची कथा शाबूत, नंतरची शाबूत, आणि हीच नेमकी गायब, असं कसं? टेपा पुसल्या हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण सगळ्याच पुसल्या तर जे उरलंय ते कसं उरलं?

दुसरा प्रश्न. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र उपलब्ध आहे असं कळतं. आवाज आणि फोटो जोडून स्वतःला बघण्यापुरता 'मार्को पोलो' उभा करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी? व्हिडिओ एडिटिंग येतं, जुन्या टेपांचं काहीच माहीत नाही.

सोळामिमी

टेप आणि फिल्म या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की गोंधळ सुटतो.

भाग रेकॉर्ड व्हायचे दोन इंची व्हिडिओटेपवर. ही टेप महाग होती, शिवाय पुन्हा वापरता यायची. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, आणि १९६९ च्या नोव्हेंबरात बीबीसी वन रंगीत झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरलं नाही. १९६७ पासून टेपा पुसायला लागले आणि साठच्या दशकातल्या भागांची एकही मूळ प्रक्षेपण-टेप शिल्लक राहिली नाही. आज आपण 'द डेलेक्स' किंवा 'द अ‍ॅझ्टेक्स' बघतो ते टेपवरून नाही, फिल्मवरून. परदेशी चॅनलांना विकण्यासाठी मॉनिटरसमोर कॅमेरा लावून १६ मिमी फिल्मवर प्रती काढत, त्याला टेलिरेकॉर्डिंग म्हणतात. त्यामुळे 'हा भाग का उरला?' याचा अर्थ 'याची फिल्म कुणाकडे राहिली?' एवढाच.

त्या फिल्म बीबीसी एंटरप्रायझेस या विक्री विभागाकडे असत. विक्रीचे हक्क संपले की त्यांच्या लेखी ती अडगळ. १९७२ ते १९७८ या काळात त्यांनीही फिल्म नष्ट केल्या. एंटरप्रायझेसला वाटायचं मूळ टेपा तिकडे असतील, टेपवाल्यांना वाटायचं फिल्म इकडे असतील, आणि फिल्म लायब्ररीकडे या दोन्हींची जबाबदारी नव्हती. १९७८ मध्ये स्यू माल्डन बीबीसीच्या पहिल्या आर्काइव्ह सिलेक्टर, म्हणजे काय जपायचं ते ठरवणाऱ्या, झाल्या आणि इयन लेव्हिन या चाहत्याने एंटरप्रायझेसचं दार ठोठावलं, तेव्हा कुठे हे थांबलं. 'द डेलेक्स'च्या फिल्म तेव्हा जाण्याच्याच बेतात होत्या.

परदेशी चॅनलांना फिल्म ठरावीक मुदतीसाठी मिळायची. मुदत संपली की परत पाठवायची, नष्ट करून तसं प्रमाणपत्र द्यायचं, किंवा पुढच्या देशाकडे रवाना करायची. नशीब इथे ठरलं. 'द टाइम मेडलर' नायजेरियातून १९८० च्या दशकात परत आला, म्हणून तो तुम्हाला दिसतो; तरी चौथ्या भागातले काही सेकंद अजून नाहीत. 'द टूम ऑफ द सायबरमेन' १९९२ मध्ये हाँगकाँगहून आला. 'मार्को पोलो' भरपूर देशांत विकला गेला होता, पण कुणी विसरलेली त्याची एकही प्रत अजून हाती लागलेली नाही, सगळ्यांनी नियम पाळले असावेत. या छंदात शिस्तीचे लोक हे खलनायक असतात.

२०१३ मध्ये फिलिप मॉरिस यांना नायजेरियात जोसच्या रिले स्टेशनवर 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' आणि 'द वेब ऑफ फिअर' मिळाले. त्यात आधी नसलेले ९ भाग होते. त्यानंतर पहिल्या सहा सीझनच्या २५३ भागांतले ९७ उरले: पहिल्या सीझनचे ९, दुसऱ्याचे २, तिसऱ्याचे २८, चौथ्याचे ३३, पाचव्याचे १८, सहाव्याचे ७. चौथ्या सीझनमध्ये तर एकही कथा पूर्ण नाही, म्हणजे तुमची खरी परीक्षा पुढेच आहे.

आशेबद्दल बोलायचं तर जितक्या जास्त देशांत विक्री, तितक्या जास्त वाटा, म्हणून 'मार्को पोलो'चं नाव यादीत वरच असतं. तळाला 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन', २५ डिसेंबर १९६५ ला दाखवलेला 'द डेलेक्स मास्टर प्लॅन'चा सातवा भाग. नाताळचा खास भाग म्हणून परदेशी विक्रीच्या संचात तो धरलाच नव्हता. त्याचा नाद सोडलेला बरा.

खरखर

आवाजाचं मी सांगतो.

हे आवाज प्रक्षेपणाच्या वेळी प्रेक्षकांनी घरच्या रीळ-टेपरेकॉर्डरवर घेतलेले आहेत. बऱ्याच जणांनी टीव्हीच्या स्पीकरसमोर माईक धरला, एकाने थेट टीव्हीच्या आतून तार काढली, त्यामुळे दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'मार्को पोलो'चा अधिकृत ध्वनिसंच मालिकेतले अभिनेते विल्यम रसेल यांच्या निवेदनासह निघालाय. त्यातलं निवेदन काढता येत नाही. काढायला गेलात तर खालचा संवादही फाटतो. तेव्हा तेच निवेदन ठेवा आणि पडद्यावर वर्णनाच्या ओळी कमी टाका.

आधी वेग तपासा. १ टक्का फरक म्हणजे २५ मिनिटांत १५ सेकंद, आणि चित्र बसवून झाल्यावर हे लक्षात आलं तर सगळं पुन्हा. दोन खुणा आहेत. पहिली शीर्षकसंगीत. डेलिया डर्बीशर यांनी तयार केलेलं तेच ध्वनिमुद्रण त्या काळात वापरलं जात होतं, म्हणून शाबूत असलेल्या 'द कीज ऑफ मारिनस'मधला तुकडा शेजारच्या ट्रॅकवर ठेवा, दोन ठोके निवडा आणि त्यांच्यातलं अंतर दोन्हींत मोजा. भागाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. दोन्हीकडे सारखाच फरक आला तर पूर्ण ट्रॅक एकदम ताणायचा. शेवटी वेगळा आला तर मूळ रेकॉर्डर मध्येच हळू किंवा जलद झाला होता. मग तुकडे पाडून टप्प्याटप्प्याने दुरुस्ती.

दुसरी खूण विजेची गुणगुण. साफ न केलेलं ध्वनिमुद्रण हाती असेल तरच ती सापडते. ब्रिटनमध्ये वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या वारंवारतांच्या आलेखात) ५० आणि १०० वर आडव्या रेषा दिसतात. १०० ची रेषा धरा. विश्लेषणाची खिडकी १० सेकंदांची घेतली तर ०.१ हर्ट्झपर्यंत वाचता येतं. रेषा ९९ वर दिसली तर ट्रॅक १ टक्का हळू वाजतोय. कधी दोन रेषा दिसतात, एक बरोबर १०० वर आणि एक बाजूला. बरोबर १०० वरची बहुधा नंतर टेप डिजिटल करताना शिरलेली असते, ती सोडून द्या. विजेची वारंवारता स्वतःही किंचित हलते, म्हणून दशांश टक्क्याच्या मागे लागू नका. आणि गुणगुण गाळायची ती वेग दुरुस्त झाल्यावरच, आधी गाळली तर खूणच पुसली.

सूं आवाज कमी करताना हात आखडता ठेवा. रेडिओफोनिक वर्कशॉप या बीबीसीच्या ध्वनिप्रयोग विभागाचे बरेचसे आवाज खरखरीसारखेच असतात. टार्डिसचा, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाचा, सूर सॉफ्टवेअरला कचरा वाटतो आणि ते तो खाऊन टाकतं.

चौकट

चित्रासाठी तुमच्याकडे मुख्यतः टेलिस्नॅप. जॉन क्युरा हे छायाचित्रकार प्रक्षेपण चालू असताना टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून दिग्दर्शकांना विकायचे. एका भागाचे साधारण ६० ते ७०. 'मार्को पोलो'चे फोटो दिग्दर्शक वारिस हुसेन यांनी जपले म्हणून आहेत. चौथा भाग जॉन क्रॉकेट यांनी दिग्दर्शित केला होता, त्याचे नाहीत. तो शेवटी करा. तिथे सेटवरची छायाचित्रं आणि इतर भागांतल्या चेहऱ्यांवर भागवावं लागेल.

हिशोब असा: १५०० सेकंद भागिले ६५ म्हणजे एका फोटोवर २३ सेकंद. एवढा वेळ स्थिर चित्र कुणी बघत नाही. म्हणून मोठ्या फोटोतून चेहरे कापून वेगळी चौकट करायची, आणि जो बोलतोय त्याच्यावर कट मारायचा. पण प्रत्येक वाक्याला कट नको, १९६४ च्या स्टुडिओत तसं होत नव्हतं. एकाच कॅमेऱ्यावर अर्धा मिनिट सहज जायचं. सावकाश झूम सारखा वापरलात तर लग्नाच्या व्हिडिओची कळा येते.

प्रोजेक्ट २५ फ्रेम, १४४०×१०८० ठेवा. २४ चा प्रोजेक्ट केलात आणि सॉफ्टवेअरने २५ ची क्लिप फ्रेमला फ्रेम लावून वाजवली, तर ती ४ टक्के लांबते, म्हणजे दर २५ सेकंदांमागे एक सेकंद ओठ मागे पडतात. टेलिस्नॅपमध्ये पडद्याच्या कडा गोलावलेल्या असतात, काही फोटो तिरके असतात. सगळ्यांत डोळ्यांची रेषा आणि काळ्या रंगाची पातळी आधी एकसारखी करून घ्या, मग कापाकापी.

'मार्को पोलो'ची हलती क्लिप एकही नाही. आधार एकच: आधीच्या 'द एज ऑफ डिस्ट्रक्शन'चा शेवट बर्फातल्या पाऊलखुणेवर होतो, आणि पहिला भाग तिथूनच सुरू होतो. दुसरी सोय म्हणजे नकाशे. मार्को पोलो झालेले मार्क ईडन रोजनिशी वाचतात आणि नकाशावर प्रवासाची रेघ सरकते. हे नव्याने काढणं सोपं आहे आणि तेवढा वेळ प्रेक्षकाला खरं हलतं चित्र मिळतं. रेघेचा वेग निवेदनाच्या लांबीला बांधा.

बाकी कथांमध्ये मागचा-पुढचा भाग शाबूत असेल तर आणखी मदत होते, कारण प्रत्येक भाग आधीच्या शेवटाची उजळणी करून सुरू होतो. फक्त ती उजळणी कधीकधी पुन्हा चित्रित केलेली असते. संवाद तेच, पण विराम वेगळे. आवाजाची लाट जुळवून बघा, ओठ बघून ठरवू नका.

निळीपेटी

सगळ्यांचे आभार, हे फारच कामाचं आहे. दोन उपप्रश्न. तिसऱ्या सीझनच्या 'द मॅसेकर'चे टेलिस्नॅप कुठेच दिसत नाहीत, ते का? आणि अ‍ॅनिमेशन निघालेल्या कथांसाठी फोटोवाली आवृत्ती बघण्यात काही अर्थ आहे का?

चौकट

तिसऱ्या सीझनच्या बऱ्याचशा काळात क्युरांकडून फोटो घेतलेच गेले नाहीत. 'द मॅसेकर'ची क्लिपही नाही, फोटोही मोजके. तो डोळे मिटून ऐकायचा. संवाद इतके भक्कम आहेत की चालतं.

अ‍ॅनिमेशनबद्दल माझं मत जरा कडू आहे. २००६ चे 'द इन्व्हेजन'चे दोन भाग छान आहेत, कारण छाया-प्रकाश मूळ चित्रीकरणाच्या जवळ आहेत आणि उरलेले सहा भाग शेजारी आहेत. 'द मॅक्रा टेरर' रंगीत, रुंद पडद्यावर, थोडा छाटून. बघायला मजा येते, पण दिग्दर्शकाने काय रचलं होतं ते त्यात शोधू नये.

खरखर

असहमत. 'द पॉवर ऑफ द डेलेक्स' सहाच्या सहा भाग हरवलेले, आणि ट्राउटनची ती पहिलीच कथा. नव्या माणसाला अडीच तास स्थिर फोटो दाखवलेत तर तो तिसऱ्या भागात झोपेल. २०१६ चं अ‍ॅनिमेशन आधी, फोटो नंतर. अ‍ॅनिमेशनमध्ये ट्राउटनचा चेहरा कमी पडतो हे खरं, आणि त्याचं अर्धं काम चेहऱ्यावरच असतं. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड'चं नाव पाच भाग सापडल्यावर एकदम वर गेलं ते म्हणूनच: दुहेरी भूमिका नुसत्या आवाजातून कळत नव्हती.

सोळामिमी

'फ्युरी फ्रॉम द डीप' करायला घ्याल तेव्हा ऑस्ट्रेलियन सेन्सॉरचे तुकडे विसरू नका. तिथे भीतिदायक दृश्यं कापून काढत, आणि ते तुकडे १९९६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले. मिस्टर ओक आणि मिस्टर क्विलचं ते तोंड उघडून विषारी वायू सोडणं आज दिसतं ते सेन्सॉरच्या कृपेने. सौम्य दृश्यं गेली, भयंकर उरली.

आणि कुणाच्या हाती खरोखरच जुना डबा आला तर, विचारलं नाहीये तरी सांगून ठेवतो. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम. २५ मिनिटांचा भाग म्हणजे ३७,५०० फ्रेम, जवळपास ९४० फूट. रीळ ४०० फुटांचं असेल तर तो पूर्ण भाग नाही. प्रोजेक्टरवर अजिबात चढवायचं नाही. आकसलेल्या फिल्मची छिद्रं दात्यांवर फाटतात, आणि ती जगातली एकमेव प्रत असू शकते. हाताने सुरुवातीचे काही फूट उलगडा, उजेडासमोर धरा, लीडरवरचं (चित्राआधीच्या पट्टीवरचं) लिखाण, पहिलं चित्र आणि कडेचा ध्वनिपट्टा यांचे फोटो घ्या. डब्यावरची चिठ्ठी सोलू नका, कुठल्या देशातून कुठे गेली ते तिच्यावरूनच कळतं. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ज्याची फिल्म बनते ते अ‍ॅसिटेट विघटायला लागलंय. असा डबा बाकी फिल्मपासून वेगळा, थंड आणि कोरड्या जागी, हवा खेळेल असा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलात तर आम्ल आतच कोंडतं आणि नाश आणखी जलद होतो.

मग बीबीसी आर्काइव्ह किंवा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट. संग्राहक घाबरतात की फिल्म जप्त होईल. पण कार्यक्रमाचे हक्क बीबीसीचे असले तरी प्रत उसनी देऊन, स्कॅन करून परत घेता येते. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या संग्राहकाकडचा 'द क्रुसेड'चा पहिला भाग असाच आला आणि फिल्म मालकाकडे परत गेली.

निळीपेटी

डबा मिळायची शक्यता शून्य, पण लिहून ठेवलं. पहिला भाग घेते करायला. निवेदन असलेल्या संचात गुणगुण साफ केलेली असेल, म्हणजे वेगासाठी शीर्षकसंगीत एवढाच आधार ना?

खरखर

हो. अधिकृत संचात वेग बहुतेक दुरुस्त केलेलाच असतो, तरी तपासा. शेवटच्या संगीतावर नीट लक्ष द्या, कारण रेकॉर्डरचा घोळ असेल तर तो तिथेच दिसतो. आणि ४८ किलोहर्ट्झवर काम करा, ४४.१ ची फाइल प्रोजेक्टमध्ये टाकताना रूपांतर नीट झालं नाही तर ती जवळपास ९ टक्के जलद वाजते आणि विल्यम रसेल खारुताईसारखे बोलू लागतात.