पुणे: रो-हाऊस आवडलंय पण वाढवलेलं बांधकाम नकाशात नाही, घ्यावं का?

निळी_छत्री
मंडळी, सल्ला हवाय, जरा लांबण आहे पण सगळं लिहितोच. कर्वेनगरच्या आतल्या बाजूला एक कोपऱ्याचं रो-हाऊस बघितलं, १९९८ चं बांधकाम, विकणारे काका-काकू सत्तरीचे, मुलगा अमेरिकेत, तेही आता तिकडेच चाललेत. जागा १४०० चौरस फूट. मागतायत १ कोटी ८५ लाख, आणि हा भाव लावलाय १७८० फुटांच्या बांधकामावर. घरी आणून कागद बघितले तर मंजूर नकाशात फक्त ११५० फूट आहे, तळमजला आणि वर एक मजला.
बाकीचे ६३० कुठून आले तर: बाजूच्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघर वाढवलंय (१४०), पार्किंगला भिंत घालून भाड्याची खोली केलीय (१५०), आणि गच्चीवर २०११ साली स्लॅब टाकून दोन खोल्या आणि बाथरूम (३४०). एजंटला विचारलं तर म्हणतो साहेब टॅक्सची पावती पूर्ण १७८० ची येते, म्हणजे महापालिकेला सगळं माहितीये आणि मान्यये, आणि पुण्यात असं सगळ्यांचंच असतं. आईला घर फार आवडलंय. टोकन म्हणून २ लाख मागतोय, शनिवारपर्यंत. कुणी असं घर घेतलंय का? आणि चांगला आर्किटेक्ट, वकील सुचवा, शक्यतो कोथरूड-वारजे बाजूचे.

रिकामटेकडा
माझा पास, पण वाचतोय. आमच्या गल्लीत तर नकाशाप्रमाणे असलेलं घर शोधून दाखवा.

विटा_वाळू
शनिवारपर्यंत टोकन देऊ नका हे पहिलं. बाकी सावकाश.
टॅक्सच्या पावतीचं एजंट जे सांगतोय ते सपशेल चूक आहे. महापालिका उभं असलेल्या बांधकामावर कर लावते, मंजूर असो वा नसो. उलट महानगरपालिका अधिनियमात २६७अ कलम आहे, त्यात बेकायदा बांधकामावर नेहमीच्या कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती म्हणजे दंड, आणि त्यातच स्पष्ट लिहिलंय की हे पैसे भरले म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही. पावती नीट बघा, कुठे तिप्पट (कर अधिक दुप्पट शास्ती) आकारणी दिसतेय का. असेल तर पालिकेनं त्या बांधकामाला आधीच बेकायदा म्हणून नोंदवलेलं आहे.
आता तुमच्या ६३० फुटांकडे येऊ. मी आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होतो बरीच वर्षं त्यामुळे थोडं कळतं. तिन्ही गोष्टी एका टोपलीत टाकू नका, तिन्हीचं नशीब वेगळं आहे.
गच्चीवरच्या खोल्या वाचू शकतात. डिसेंबर २०२० पासून मुंबई शहर आणि काही भाग सोडून राज्यभर यूडीसीपीआर ही एकच बांधकाम नियमावली लागू आहे, त्यात ९ मीटरपेक्षा लहान रस्त्यावरही मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१० आहे, म्हणजे तुमच्या १४०० वर १५४०, आणि त्यावर निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी म्हणजे जादा एफएसआय पैसे भरून मिळतो, ते ९२४. तोंडी हिशेबात २४६४ होतात. नव्या नियमात बाल्कनी, जिना वगैरे पण मोजतात त्यामुळे जुने ११५० आता मोजले तर जास्त भरतील, तरी गच्ची बसायला हरकत दिसत नाही. दंड आणि प्रीमियम भरावं लागेल, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागेल.
स्वयंपाकघर मात्र बाजूच्या मार्जिनमध्ये आहे. एफएसआय कितीही शिल्लक असला तरी सोडायची जागा ती सोडायचीच, तिथे पैसे भरून काही होत नाही सहसा. पार्किंगची खोली सगळ्यात सोपी, भिंत पाडली की झालं. पण त्याआधी भाडेकरूला काकांनीच बाहेर काढावं.

सोळा_आणे
उगीच घाबरवू नका लोकांना. मी २००६ ला असंच घर घेतलं धनकवडीत, वर एक मजला जास्तीचा, आजतागायत कुत्रंसुद्धा आलं नाही विचारायला. भाव पाडून घ्या आणि राहा निवांत. पुण्यात निम्मी घरं पाडायची म्हटली तर पालिकेला जेसीबी पुरायचे नाहीत.

कडीपत्ता
@सोळा_आणे तुमचं शेजाऱ्याशी चांगलं असेल म्हणून. आमच्याकडे पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं, शेजाऱ्याने माहिती अधिकारात आमच्याच बिल्डिंगचा नकाशा काढला आणि तक्रार ठोकली. तोपर्यंत आम्ही पण निवांतच होतो. नोटीस कुणाच्या नावाने आली? आमच्या. बांधणारे आधीचे मालक नाशिकला मजेत.

काळा_कोट
वरच्या ताईंचा मुद्दा नीट लक्षात घ्या. एमआरटीपी म्हणजे राज्याचा नगररचना कायदा १९६६, त्याच्या कलम ५३ ची बांधकाम पाडायची नोटीस निघते ती आज मालक कोण आहे त्याला. मी नाही बांधलं हे उत्तर चालत नाही, खरेदीखताबरोबर भिंतीही तुमच्या आणि त्यांचं पापही तुमचं.
लोक म्हणतात हमीपत्र लिहून घ्या, इंडेम्निटी बाँड. घ्या की. पण ते काका-काकू अमेरिकेत गेल्यावर पाच वर्षांनी ते हमीपत्र घेऊन तुम्ही कुठल्या कोर्टात उभे राहणार ते मला सांगा. कागद तेवढाच दमदार जेवढा सही करणारा हाताशी आहे.
त्यापेक्षा क्रम बदला. थेट खरेदीखत नको, आधी साठेखत (विक्रीचा करार) करा, त्यात अट घाला की विकणारा नियमित करायचा प्रस्ताव त्याच्या नावाने, त्याच्या खर्चाने दाखल करेल, आणि मंजुरी येईपर्यंत अमुक रक्कम तुमच्याकडे राहील. मंजुरी नाही आली तर टोकनसकट सगळं परत. विकणाऱ्याला खात्री असेल तर तो सही करेल. नाही केली तर तुम्हाला उत्तर मिळालं.
२०१७ साली ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी नियमित करायची योजना आली होती (कलम ५२अ). काकांनी तेव्हा अर्ज केला होता का आणि केला असेल तर त्याचं काय झालं हे विचारा. फेटाळलेला अर्ज निघाला तर तो सगळ्यात वाईट कागद.

थेम्सकाठी
इथे इंग्लंडात आम्ही मागच्या वर्षी घर घेतलं, मागे काचेची खोली वाढवलेली, बिल्डिंग रेग्युलेशनचा दाखला नाही. इथे विकणारा एक विमा काढून देतो, एकदाच पैसे भरायचे, कौन्सिलने (इथली पालिका) कारवाई केली तर भरपाई. गंमत म्हणजे विमा घ्यायचा असेल तर आधी कौन्सिलला फोन करून विचारायचं नाही, विचारलं की विमा गेला! आणि प्लॅनिंगच्या कारवाईला मुदत आहे, एप्रिल २०२४ पासून बांधकामांना सरसकट १० वर्षं, त्याआधी चारच होती. म्हणून विचारतो, २०११ ची गच्ची म्हणजे जुनी झाली की, भारतात असं काही नाही का?

काळा_कोट
नाही. जुनं झालं म्हणून कायदेशीर, असं आपल्याकडे होत नाही. सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात (मेरठचं प्रकरण होतं) पुन्हा बजावलंय, किती वर्षं उभं आहे, किती पैसे घातलेत, अधिकाऱ्यांनी किती काळ डोळेझाक केली, काही उपयोग नाही. आणि त्यातच बँकांनाही सांगितलंय की बांधकाम पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा (राहायला परवानगीचा) दाखला बघूनच कर्ज द्या.

बँकेतून_निवृत्त
हां, आता माझा विषय आला. धागाकर्त्यांनी कर्जाबद्दल काहीच लिहिलं नाहीये, घेणार असाल तर हे वाचा.
आम्ही घराची किंमत ठरवायला व्हॅल्युअर पाठवायचो तेव्हा तो हातात मंजूर नकाशा घेऊन जायचा. नकाशात जे आहे त्याचीच किंमत धरायची, बाकी कितीही ग्रॅनाइट लावलेलं असो. समजा तुमच्या घराची अशी किंमत १ कोटी ३० लाख आली. ७५ लाखांच्या वर कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ७५ टक्केच देता येतं, म्हणजे ९७ लाख ५० हजार. तुम्ही देणार १ कोटी ८५ लाख, म्हणजे खिशातून साडेसत्त्याऐंशी लाख. तुम्ही मनात धरलं असेल पावणेदोन कोटीच्या वरचं घर, सव्वा-दीड कोटी कर्ज मिळेल, तर तसं होणार नाही. आणि वर मुद्रांक शुल्क. पुण्यात ७ टक्के म्हणजे १२ लाख ९५ हजार, घर एकट्या बाईच्या नावावर घेतलंत तर ६ टक्के, १ लाख ८५ हजार वाचतात. (हे अवांतर, पण बायकोला सांगाच.)
काही बँका फारच फरक दिसला तर फाईलच परत करतात. त्यामुळे टोकनच्या आधी बँकेत नकाशा आणि प्रत्यक्ष मोजमाप दोन्ही दाखवा, लपवून काही मिळत नाही, व्हॅल्युअरकडे टेप असते.

चिंचवडी_चहा
आमच्या पिंपरी-चिंचवडला २०२३ मध्ये शास्ती माफ झाली ना, तेव्हा लोकांनी पेढे वाटले. अर्ध्या लोकांना वाटलं घर अधिकृत झालं. माफ झाला तो दंड हो, बांधकाम होतं तिथेच आणि होतं तसंच. २०२५ च्या मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले (नदीपात्रालगत बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्यातले) ३६ बंगले पाडले ते आठवतंय ना. लोकांनी आयुष्याची कमाई घातलेली. तुमचं प्रकरण तितकं गंभीर नाही, पण होत काही नाही म्हणणाऱ्यांनी एकदा तिकडे चक्कर मारावी.

सोळा_आणे
पूररेषा वेगळी, गच्ची वेगळी. घर घ्यायला निघालेल्या माणसाला जेसीबी दाखवता, धन्य आहात. पण ते कर्जाचं खरंय, मी रोखीत घेतलं होतं तेव्हा.

विटा_वाळू
एक राहिलं. स्वयंपाकघर बाजूला वाढवलंय ना, मग ड्रेनेजचे चेंबर कुठे गेले? कोपऱ्याच्या रो-हाऊसला सहसा बाजूनेच लाईन जाते. फरशीखाली चेंबर गाडलेला असेल तर तुंबल्यावर ओट्याखाली खणायची वेळ येईल. आणि जुन्या भिंतीला नवीन स्लॅब जिथे टेकतो तिथे पावसाळ्यात ओल येते का ते आत्ता बघा, नुकताच रंग दिलेला असेल तर जास्तच संशय घ्या. गच्चीसाठी इंजिनिअरला खालचे कॉलम तपासायला सांगा, १९९८ ला कॉलम दोनच मजल्यांचं ओझं धरून टाकलेले असणार. काँक्रीटची ताकद बघायला रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक वगैरे चाचण्या करतात, घराच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ.
आणि ७/१२ किंवा मिळकत पत्रिका कुणाच्या नावाने आहे बघा. जागा काकांच्या एकट्याच्या नावाने स्वतंत्र प्लॉट आहे का सगळ्या रो-हाऊसेसची मिळून एक? माझं वरचं एफएसआयचं गणित स्वतंत्र प्लॉट धरून केलंय.

निळी_छत्री
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी फुकट सांगत नाही. @बँकेतून_निवृत्त बरोबर ओळखलंत, १ कोटी ३० लाख कर्ज धरलं होतं मी. टोकन दिलं नाही. एजंट रुसलाय. आर्किटेक्ट एक व्यनितून (खाजगी निरोपातून) मिळालेत, त्यांच्याकडून नकाशाच्या फाईलची नक्कल काढतोय, आली की लिहितो.

निळी_छत्री
(तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.)
फाईल मिळाली. स्वतंत्र प्लॉट नाहीये. बारा रो-हाऊसेसचा एकच लेआऊट, सोसायटी नोंदलेली आहे पण अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलंच नाही, जमीन अजून मूळ मालक आणि बिल्डरच्या नावावर. म्हणजे गच्चीसाठी जो एफएसआय शिल्लक वाटत होता तो काकांचा नाहीच, बाराही घरांचा मिळून हिशेब होणार, आणि त्यातल्या सात जणांनी गच्चीवर काही ना काही बांधलंय असं आर्किटेक्ट म्हणाले. सोसायटीने आधी मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने सही केली नाही तरी होणारं) करून घ्यायचं, मग सगळ्यांनी मिळून नवा नकाशा टाकायचा. सचिवांना भेटलो, ते म्हणाले २०१४ पासून विषय दर वार्षिक सभेला निघतो आणि चहा झाला की संपतो.
ड्रेनेजचं पण तंतोतंत निघालं, चेंबर सिंकच्या बरोबर खाली. वर फरशी.
काकांना साठेखताची अट सांगितली. भले माणूस आहेत, चिडले नाहीत, पण म्हणाले मला डिसेंबरात जायचंय, एवढे कागद या वयात कोण करणार, आहे तसं घ्या, मी १ कोटी ६२ लाखाला देतो. बायको म्हणते २३ लाख कमी केले ते बघू नको, का कमी केले ते बघ.

काळा_कोट
तुमच्या बायकोला माझ्या ऑफिसात नोकरी आहे म्हणून सांगा.

सोळा_आणे
१ कोटी ६२ लाख वाईट नाही हां. मी असतो तर घेतलं असतं.

विटा_वाळू
@सोळा_आणे तुम्ही खरंच घ्या की मग, काकांचा नंबर देतील ते.

निळी_छत्री
नाही म्हणून कळवलं काल. वाईट वाटलं, आईला त्या घरातलं नेमकं ते बाजूचं स्वयंपाकघरच आवडलं होतं, खिडकीतून कडुलिंब दिसतो म्हणून. रविवारी वारज्यात एक टू-बीएचके बघायला जातोय. मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र आधी पाठवा म्हटलं तर एजंट म्हणाला, साहेब, आधी फ्लॅट तर बघा, हे असलं कुणी मागत नाही.