रूममेट गोळ्यांवर जगतोय, काय करू?

प्रश्न: एमबीबीएस दुसरं वर्ष. रूममेट मिथाइलफेनिडेट घेऊन रात्रभर जागतो, मग झोपेसाठी अल्प्राझोलाम. परीक्षा संपली तरी रोज चालूच. काल हात इतके थरथरत होते की पेन धरवेना. वॉर्डनला सांगू?

उत्तर: मी इंटर्न आहे, दोन वर्षं अशाच गोळ्यांवर काढलीत. अल्प्राझोलाम एकदम बंद करायला लावू नकोस, फिट येऊ शकते. डोस मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो. फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) पाठ असली की वाटतं, आपण सांभाळू. नाही सांभाळता येत. आधी त्याच्याशीच बोल, ओपीडीला सोबत जा.

प्रश्नकर्ता: नाहीच आला तर?

उत्तर: विश्वासातल्या शिक्षकांना सांग. माझ्या मित्राने माझ्याबाबतीत तेच केलं. मी सहा महिने त्याच्याशी बोललो नव्हतो.