घारापुरीच्या जुन्या सरकारी नोंदी कुठे सापडतील? मदत हवी आहे

घारापुरी म्हटलं की लेणी, एवढंच सगळ्यांना ठाऊक. आम्ही काही जण मात्र राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तिन्ही वस्त्यांमधल्या माणसांचा इतिहास जमवतोय. कोण कधी येऊन राहिलं, शेती कुठे व्हायची, समुद्राखालून केबल टाकून 2018 मध्ये वीज आली त्याआधी रात्री कशा जायच्या, असं सगळं. वयस्कर मंडळींशी बोलणं सुरू आहे. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी त्यांना निवांत वेळ मिळतो. पण आठवणी फार तर आजोबा-पणजोबांपर्यंत जातात. त्यामागचं कागदावरच शोधावं लागणार.

1882 चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर वाचलं. त्यात लेण्यांबद्दल भरपूर आहे, रहिवाशांबद्दल अगदी थोडं. तालुक्याच्या कचेरीतही चौकशी केली. अलीकडचे सातबारे मिळाले, जुनं दप्तर 'इथे नाही' म्हणाले.

खरी अडचण पुढेच आहे. घारापुरी उरण तालुक्यात येतं. हे उरण पूर्वी ठाणे जिल्ह्यात होतं, नंतर कुलाब्यात, म्हणजे आताच्या रायगडात गेलं. मोडी वाचणारे आमच्याकडे आहेत, त्यामुळे लिपीची काळजी नाही. छापील पुस्तकं सुचवू नका, मूळ नोंदीच हव्या आहेत.

जिल्हा बदलला तेव्हा उरणकडच्या गावांच्या जन्म-मृत्यूच्या आणि जमिनीच्या नोंदी अलिबागला गेल्या, की ठाण्यातच राहिल्या? कोणी स्वतः काढल्या असतील तर अर्ज कोणाच्या नावे आणि कोणत्या शाखेत केला होता?