३५ हजार भरून कवितासंग्रह छापावा का?

निशिगंधा_क
मंडळी सल्ला हवाय. कवितांची वही किती वर्षं तयार आहे, फेसबुकवर टाकते, लोक छान म्हणतात, म्हणून एका प्रकाशकाकडे पाठवली तर चौथ्या दिवशी फोन, संग्रह फार आवडला, काढूया, पण ३५,००० लेखकाने भरायचे. ९६ पानं, ३०० प्रती, किंमत १५० रु. त्यातल्या ५० प्रती मला, बाकीच्या विकल्या जातील तशी १० टक्के रॉयल्टी. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि प्रकाशन सोहळा पॅकेजमध्येच. नवरा म्हणतो हौसेला मोल नसतं, देऊन टाक. मला मात्र खटकतंय. सगळीकडे असंच असतं का?

डीटीपीवाला
ताई, मराठीत कवितासंग्रह स्वखर्चाने निघणं काही नवीन नाही, त्यात लाज पण नाही. पण चौथ्या दिवशी आवडला म्हणजे वहीची फक्त पानं मोजली असं समजा.
आता हिशोब बघा. एक प्रत तुम्हाला ११६ रुपयांच्या वर पडली, पैसे तुमचे आणि २५० प्रती त्यांच्या. त्या सगळ्या खपल्या तरी (खपत नाहीत) प्रतीमागे १५ रु. म्हणजे ३,७५० मिळणार. त्यांचा नफा छापायच्या आधीच सुटलाय मग विकायला कशाला धडपडतील? आणि आयएसबीएनचे कसले पैसे, तो सरकारची राजा राममोहन राय एजन्सी फुकट देते, लेखकाला स्वतःच्या नावावरही काढता येतो.
द्यायचेच असतील तर कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), बाइंडिंग शिलाईचं की नुसतं चिकटवलेलं, सगळं लिहून घ्या आणि ओपन फाइल मागा, म्हणजे पानं लावलेली, बदल करता येणारी मूळ फाइल. नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला परत टायपिंगपासून सुरुवात.

खोकेबहाद्दर
मी भरलेत असे पैसे, फक्त माझ्या करारात सगळ्या प्रती माझ्या होत्या. त्यामुळे त्या आता माझ्याच दिवाणाखाली आहेत 😀 वितरकाकडे गेलो तर त्याला किमतीच्या निम्मं कमिशन, वर न खपलेला माल परत. शेवटी सत्यनारायणाला आलेल्यांना प्रसादासोबत एकेक दिली, दोघं तिघं विसरून गेले. मुद्दाम विसरले बहुतेक.

काळा_कोट
करारात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असं काही असेल तर सही करू नका. कॉपीराइट मुळात लेखकाचा, लिहून दिल्याशिवाय जात नाही, आणि मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कायद्यात ५ वर्षं धरतात. पैसेही आपण द्यायचे आणि हक्कही, हा कुठला व्यवहार.
पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघितलीत का? वेळ लागतो पण निदान कोणीतरी वाचून ठरवतं.

माणदेशी
आम्ही आजीच्या जात्यावरच्या ओव्या छापल्या, पूर्ण पदरचे पैसे, आणि रुपयाचाही पश्चात्ताप नाही. पण विकायच्याच नव्हत्या ना. भावकी, आजीचं माहेर, आत्यांची सासरं, आधी कागदावर नावं लिहिली, १३२ झाली, मग १५० प्रती थेट प्रेसमधून. मधे प्रकाशक हवाच कशाला? कुलवृत्तांत, गावचा इतिहास, शाळेची स्मरणिका यांना वाचणारा आधीच ठरलेला असतो, तिथे पैसे खुशाल घाला. ताई तुम्ही पण नावं लिहून बघा, पण जे विकत घेतील त्यांचीच.

निशिगंधा_क
सगळ्यांचे आभार. लिहायला बसले, ४१ वर अडकलेय आणि त्यात तीन नणंदा आहेत 🙈 प्रकाशकांना फोन करून विचारलं की २५० प्रती माझ्याकडे देता का तर म्हणे आमच्यात तसं नसतं. ओपन फाइलचं काढल्यावर 'सरांशी बोलून सांगतो' म्हणाले, मंगळवारपासून सर काही बोललेले नाहीत. डीटीपीवाले दादा, ६० प्रती काढायच्या तर प्रेसवाले दारात उभं करतात का हो?

डीटीपीवाला
करतात की. डिजिटल प्रिंटिंगवर काढा, प्रतीमागे महाग पडेल पण दिवाण मोकळा राहील.